छातीतली बॅटरी आणि चौकट

मी खामगावात शाळामास्तर. कंपवातामुळे उजव्या हातात खडू राहीना, तेव्हा डॉक्टरांनी डोक्यात तारा घातल्या आणि छातीच्या कातडीखाली बॅटरी बसवली. तेव्हापासून किस्से शोधावे लागत नाहीत, लोक घरपोच आणून देतात.

*

हात थरथरायचा थांबला. फक्त दर रविवारी तासभर चार्जरची चकती छातीवर ठेवायची, आतली बॅटरी वायरीशिवाय भरते. हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. गावंडे सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आपला मोबाइल माझ्या वरच्या खिशात सरकवला.

"पाहू बरं, जेवणाच्या सुट्टीपावतर किती टक्के होते."

*

आईचं निराळंच. एकदा रविवारी एकादशी आली.

"उपासाच्या दिवशी पोटात काही घेत नाई, मंग छातीत काऊन घेतं? उद्या कर."

*

एका रविवारी शाळेत सरकारी काम निघालं, म्हणून चार्जर तिथेच लावला. मुख्याध्यापकांनी प्लग उपटला.

"सर, शाळेच्या लाइनीवर खाजगी वस्तू चार्ज कराले मनाई हाये."

माझा हात खाजगी! याच हाताने मी शाळेचा फळा लिहितो. शेजारच्या प्लगला त्यांचा मोबाइल होता, तो मात्र तसाच राहिला.

*

मग बदल्या निघाल्या. माझ्या नावापुढे सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, तिथे लाइन गेली की आठ-आठ दिवस येत नाही. चार्जर कशावर चालवायचा? दिव्यांग प्रमाणपत्राचं नूतनीकरण झालं तरच बदली टळणार होती. तपासणीला बुलढाण्याला गेलो. टेबलामागच्या साहेबांनी हात पुढे करायला लावला.

"हा तं हालतच नाई. मंग तुम्ही दिव्यांग कायचे?"

मी शर्ट बाजूला करून बॅटरी दाखवली.

"बॅटरीचा रकाना नाई आमच्या फॉर्मात. चार्ज न करता या."

माझं डोकं फिरलं. हा हात थांबावा म्हणून घरच्यांनी देव पाण्यात ठेवले होते, आणि आता तो थांबला हाच माझा गुन्हा ठरला.

पण करतो काय? चार्जिंग बंद ठेवलं. बॅटरी उतरली तशी बायको शर्टाची बटणं लावून द्यायला लागली. एसटीत तिकीटही तिनेच धरलं. साहेबांच्या टेबलावर हात ठेवला, तर पाण्याचा ग्लास हिंदकळला.

साहेबांचं समाधान झालं. "आता कसं बरोबर हाये," म्हणत त्यांनी फॉर्म पुढे सरकवला.

"इथं सही करा. चौकटीच्या बाहीर गेली तं फॉर्म बाद होते."