खिशातला चष्मा

मावशी आठवडाभर दुकानात चष्म्यांच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवी आणि सुटीच्या दिवशी मुलांना धर्मग्रंथातल्या गोष्टी सांगे. देवाने आंधळ्याला दृष्टी दिल्याची गोष्ट सांगितली, त्याच्या पुढच्या सुटीला तिची भाची चष्म्याविना आली.

"चष्मा कुठाय गं?"

"खिशात. देव डोळे बरे करणार आहे ना!"

"आठ दिवस झाले! शाळेत फळा दिसतो का?"

"नाही. पण माझा विश्वास आहे. तुझा नाही, मावशी?"

मावशीचे डोकेच फिरले. "पुरे झाला शहाणपणा! हा चष्माही देवानेच माझ्या हातून करवलाय. घाल आधी!"

भाचीने खिशातून काढून चष्मा घातला. पण एरवी गोष्टीत सारखे काहीतरी विचारणाऱ्या तिने त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही आणि मावशीने गोष्ट कशीबशी उरकली.