पावणेआठ

“आठ वाजलं, आवर की!” मळवलीच्या घरातून निघाले त्या सकाळी आई ओरडत होती आणि घड्याळात सव्वासात झाले होते. ही तिची जन्माची खोड. शाळेत असतानाही मला असंच उठवायची. टॅक्सीत बसल्यावर पोह्यांचा डबा मांडीवर ठेवून म्हणाली, “तितं येळेवर जेवत जा,” आणि तोंड फिरवलं.

नवऱ्याच्या नोकरीपायी जर्मनीला आले. लोणावळ्याच्या शाळेत दणक्यात गणित शिकवणारी मी इथं दूध मागायलाही अडखळायची. पुन्हा वर्गात उभं राहायचं तर जर्मन यायलाच हवं, आणि वेळ कुठला? मग कुकरची शिट्टी होईपर्यंत एक वाक्य घोकायचं, ट्राममध्ये पाट्या वाचायच्या, भांडी घासताना स्वतःलाच धडा शिकवायचा. नवरा म्हणायचा, आता भांड्यांनाही जर्मन यायला लागलं. मैत्रिणींनो, तासभर मोकळा मिळेल म्हणून थांबू नका. बाईमाणसाला, त्यातून शिक्षिकेला, तो कधी मिळालाय?

अखेर एका शाळेनं नमुना पाठ घ्यायला बोलावलं. तो जमला तर नोकरी. वेळ ‘हाल्प आख्ट’. हाल्प म्हणजे अर्धा, आख्ट म्हणजे आठ. म्हणजे साडेआठ! ऐटीत पोचले तर तास कधीच संपलेला. इथं त्याचा अर्थ साडेसात. मुख्याध्यापिकाबाईंनी नुसतं घड्याळाकडे बोट दाखवलं आणि आत गेल्या.

फाटकाबाहेर बराच वेळ उभी राहिले. मग आईला फोन लावला आणि रडले.

“रडतीस काय येड्यावानी? हितं पावणेदोन झालं. जेवलीस का न्हाई?”

पावणेदोन! दोन वाजले नाहीत, तरी नाव दोनाचंच. अगं बाई, हाल्प आख्ट तसंच की! आठ यायच्या आधीच आठाचं नाव. डोळे पुसले, तशीच माघारी वळले आणि बाईंना हे मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगत सुटले. व्याकरण गेलं चुलीत. बाई हसल्या. म्हणाल्या, हेच वर्गात सांगा. मी फळ्यावर घड्याळ काढलं. पोरांनी ‘पावणे’ म्हणून बघितलं, एकालाही ‘ण’ जमला नाही. केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

आज त्याच शाळेत शिकवते. त्या बाईंचे आणि आईचे उपकार फिटायचे नाहीत.

परवा आईला सांगितलं, सुट्टीची तिकिटं काढलीत. तिनं लगेच शेजारच्या मावशीला हाक मारली, “अगं, पोरगी आली माझी!”

“आई, अजून लय दिवस हायत.”

“असू दे की. आलीस न्हवं!”

तुझं घर कुठलं, असं इथं कुणी विचारलं की हेच आठवतं. मी पोचायच्या आधीच जिथं आलेली असते, ते माझं घर.