नेदाची खुर्ची

ब्रेझोवात्स गावात स्तामेन्काच्या वाटेला कुणी जात नसे. शाळेचा मास्तर असो की दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर, ती ज्याला त्याला तिथल्या तिथे सुनवायची. फक्त नवऱ्याची थोरली बहीण देसांका समोर आली, की हीच बाई मूग गिळून गप्प. का, ते तिलाही कधी उमगलं नाही.

मूल झालं नाही म्हणून रडत बसण्याचा तिचा पिंड नव्हता. शहरातल्या समाजकल्याण केंद्रात नाव घालून ती सांभाळायला मुलं घेऊ लागली. ज्यांच्या घरात दारू नाहीतर मारहाण, अशी पोरं यायची, अंगावर मांस धरायची आणि आईबाप सावरले की परत जायची. जाणाऱ्याच्या पिशवीत ती भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीची बरणी कोंबायची आणि मग दोन दिवस नवऱ्यावर, रादिशावर, विनाकारण खेकसायची.

नेदा मात्र परत जाणार नव्हती. आई वारलेली, बापाचा पत्ता नाही. सहा वर्षांची असताना आली तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. आता दहा वर्षांची झाल्यावर पत्त्यांत रादिशाला हरवून वर ऐकवायची, "काका, तुम्ही लबाडी करूनही हरता!" नवरा-बायकोने तिला दत्तक घ्यायचं ठरवलं. दहा वर्षांच्या मुलाचा स्वतःचा होकार लागतो, तेवढंच काय ते राहिलं होतं. स्तामेन्काला त्याची काडीचीही चिंता नव्हती.

केंद्रात जायच्या आधी स्लावा आली, घरच्या संताचा दिवस. त्या दिवशी पाहुणे न बोलावता येतात. दारातच त्यांच्यापुढे साखर-अक्रोड घातलेल्या शिजवलेल्या गव्हाचं ताट धरायचं, मग टेबलाशी बसवायचं. घरचे दिवसभर उभे. वाढायचं, ओतायचं, पण बसायचं नाही, खुर्ची पाहुण्यांची.

नेदा सकाळीच केसांना पिना लावून ताट घेऊन दारात उभी राहिली होती. देसांका आली, तिने ताटाकडे पाहिलं आणि पोरीच्या देखतच म्हणाली, "काय गं स्तामेन्का, आमच्या बापजाद्यांच्या संताचा गहू आता कुणाच्याही हातून घ्यायचा का?"

स्तामेन्काने नेदाच्या हातातून ताट काढून घेतलं. "दमलीस गं तू. बस, पोटभर जेव," असं म्हणत तिला पाहुण्यांत खुर्चीवर बसवलं आणि कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याची भरगच्च बशी पुढे ठेवली. नेदाने बशीला हात लावला नाही. स्तामेन्काला ते दिसलं, पण दारात कुणी आल्याचं निमित्त करून ती तिथून सटकली.

ठरल्या दिवशी केंद्रातल्या ल्युबिंकाबाई नेदाशी एकटीशी बोलल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"नाही म्हणते हो ती."

"नाही? अहो, काय कमी केलं मी तिला?"

"तेच विचारलं मी. म्हणते, स्लावाला मला खुर्चीवर बसवलं होतं."

ल्युबिंकाबाईंच्या घरीही दरवर्षी स्लावा व्हायचीच, खुर्ची कुणाची ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पुढे एक अक्षर विचारलं नाही, आणि स्तामेन्काला तेच जास्त लागलं. मान वर करून त्यांच्याकडे बघण्याचं तिला धाडस झालं नाही.

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "अगं, दमली असशील म्हणून बसवलं होतं मी तुला."

"मी दमले नव्हते, मावशी," नेदा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

स्तामेन्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं. देसांका बोलली ते बोलली, तिची जीभच तशी. पण ताट काढून घेतलं ते हिने, स्वतःच्या हातांनी, वर मायेचं सोंग केलं, आणि आता दहा वर्षांच्या पोरीशी खोटंही बोलली. केंद्राने घाई केली नाही. नेदा पूर्वीसारखीच सांभाळायला म्हणून राहिली. पत्ते खेळायची, हसायची, पण स्तामेन्काने खुर्ची पुढे केली की उगाच पाण्याचा ग्लास आणायला उठायची.

पुढच्या स्लावाला स्तामेन्काने ताट पुन्हा तिच्या हातात दिलं. या वेळी वन्संना तोंड उघडू दे, दाखवतेच! काय बोलायचं ते तिने वर्षभर घोळवलं होतं, गाईची धार काढतानासुद्धा.

देसांका आली. तिने ताट पाहिलं, भरलेलं टेबल पाहिलं आणि मधाळ आवाजात म्हणाली, "तू कशाला उभी गं बाळ? बस की. तुझी खुर्ची आहे ना तिथे."

स्तामेन्काने तोंड उघडलं. आणि मिटून टेबलावरची बशी उगाच सरकवू लागली.

"घरचे बसत नाहीत, आत्या," नेदा म्हणाली. देसांकाला तिने त्या दिवसापर्यंत कधी आत्या म्हटलं नव्हतं. "गहू घ्या."

देसांकाने छातीवर क्रूसाची खूण केली आणि चमचा उचलला. टेबलाशी कुणीतरी खुदकन हसलं, रादिशाने घाईघाईने सगळ्यांचे पेले भरले. स्तामेन्काला खरं तर आनंदाने रडू यायला हवं होतं. ती चुलीकडे तोंड करून बशा भरत राहिली, कानापर्यंत लाल होऊन. तिच्याच घरात, ती समोर उभी असताना, तिच्या मुलीला स्वतःची बाजू स्वतःच घ्यावी लागली होती.