वाळक्या पानांचा थर

“हौशी माणसांपेक्षा वाळवी परवडली,” असं आत्या एकदा भर वर्गात म्हणाली होती. समोरची हौशी माणसं हसली. त्यांना तो विनोद वाटला.

आत्या सगळ्यांचीच आत्या. टेलिफोन खात्यात जन्म गेला. नोकरी संपल्यावर थोरल्या भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायला आली. एक पलंग, बाकी बादल्या. सालं कुजत घातलेल्या, वर फळी, फळीवर वीट. वहिनी उंबरठ्यावरूनच बोलायची.

“वन्सं, खोलीत खत करता की खतात खोली?”

“या ना आत, बघा.”

“नको. माझं नाक अजून शाबूत आहे.”

वसाहतीमागच्या पडीक तुकड्यावर आत्या रविवारी स्वयंसेवकांना बागकाम शिकवायची. खत, बियाणं, कमी पाण्यात झाड जगवणं. नळ तिथं नव्हता. घराघरातलं भाज्या धुतलेलं पाणी उचलून न्यायचं, तेवढंच. भाऊ वसाहतीच्या समितीचा सचिव. त्याने बजावलं होतं, “उन्हाळा काढून दाखव. वाफे वाळले की तिथं गाड्या लागणार. मग माझ्याकडे रडत येऊ नकोस.”

“तुझ्याकडे कधी रडले रे, दादा?”

“तेच तर.”

म्हणून ती थंडीभर पोतं घेऊन रस्त्यावरची वाळकी पानं गोळा करत फिरली. वाफ्यांवर त्यांचा जाड थर दिला. त्याखाली ओल टिकत होती. त्या ओलीवरच सगळा उन्हाळा उभा होता. वर्गाला तिने एवढंच सांगितलं, “या पानांना हात लावायचा नाही.”

“का हो, आत्या?” बँकेतून निवृत्त झालेल्या साहेबांनी विचारलं.

“मी सांगते म्हणून.”

आयुष्यभर तिने लोकांची बोलणी एकमेकांना जोडून दिली होती. स्वतः बोलायचा तिला कंटाळा होता.

प्रमाणपत्रं वाटायचा दिवस भर उन्हाळ्यात आला. “आज तरी चिखलाचे कपडे नकोत,” म्हणून वहिनीने तिला इस्त्री होईपर्यंत अडकवून ठेवलं. ती पोचली तेव्हा खुर्च्या मांडून झाल्या होत्या, पाहुणे बसले होते. आणि वाफे उघडे होते. झाडून, निपटून, कडेने फक्कीच्या पांढऱ्या रेषा ओढलेले.

“कसं चकाचक केलं, आत्या!” साहेबांच्या कपाळावर घाम होता, चेहऱ्यावर खरा आनंद. “सगळे पहाटेच आलो.”

“पानं?”

“गेली कचऱ्याच्या गाडीतून. काळ्या पिशव्यांत, तोंडं बांधून. पाहुणे यायचे म्हणजे कचरा कसा ठेवायचा?”

आत्याने मातीत बोट घातलं. वरची माती एवढ्यातच राखाडी, कडक झालेली. रोपांची पानं मान टाकत होती. पुन्हा पानगळ व्हायला उरलेला उन्हाळा आणि अख्खा पावसाळा जायचा होता.

भाऊ मागे येऊन उभा राहिला. त्याने आधी वाफे पाहिले, मग रेषा. “छान. आखूनही दिलंत. गाड्या लावायला सोपं,” तो म्हणाला. कुणी हसलं नाही. तोही हसला नाही.

“आता आपल्या लाडक्या आत्या दोन शब्द बोलतील,” साहेब माईकवरून म्हणाले.

आत्या माईकपाशी गेली. साहेबांकडे तिने बराच वेळ पाहिलं. त्यांना ओरडावं असं त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तिने इस्त्रीच्या कपड्यांना बोटाची माती पुसली, आणि खुर्च्यांच्या मधून, कुणाकडेही न बघता, फाटकाबाहेर निघून गेली.