अण्णाने उसवलेलं अस्तर

अण्णा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दादरच्या घरी मेथी निवडत होते. ती जुडी सगळी निवडून संपवली आणि मग रडले. असं का केलं, कळत नाही. तसं माझ्या ह्या थोरल्या भावाबद्दल मला पुष्कळच काही कळलं नाही...

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. परळला अण्णाचा शिवणकामाचा लहानसा कारखाना होता आणि त्याला लष्कराच्या थंडीच्या कोटांचं काम मिळालं होतं. मी दिल्लीच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडून यायची आणि हा दिल्लीचेच कोट शिवत बसलेला. टोमणा मारला की म्हणायचा, भांडण सरकारशी आहे, थंडीशी नाही. ते कोटही धड एका रूपात राहत नव्हते. आज चार खिसे, उद्या दोन. बटणं आधी पितळी, मग शिंगाची. अण्णाची पद्धत अशी, की आधी सगळा माल बेतायचा आणि मगच मशीनवर घ्यायचा. त्यामुळे खर्च कमी करायचाय, आतलं लोकरीचं अस्तर नको, असा हुकूम आला तेव्हा अस्तर बेतून झालं होतं. वाया कशाला घालवा, म्हणून त्याने ते शिवून टाकलं. जास्तीचं दिलं तर नको कोण म्हणेल, असा त्याचा भाबडा हिशेब. तपासणीत सगळे कोट परत आले. लष्कराने शिक्का मारून दिलेल्या नमुन्यापेक्षा जाड भरले म्हणे. उबदार आहे म्हणून नापास झालेला कोट मी तरी तेव्हाच पाहिला.

माल पास झाला नाही तर कारखान्याला कुलूप लागणार होतं. आम्ही घरची सगळी माणसं ब्लेड घेऊन अस्तर उसवायला बसलो. वहिनीने मात्र ब्लेड खाली ठेवलं. तिचा वसंता फौजेत होता. त्याच्या पत्रावर गावाचं नाव नसायचं.

"ह्यातला एखादा माझ्या पोराच्या अंगावर जाईल. मी नाही उसवणार."

अण्णाने कोटांचा ढीग तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "कुठला ते दाखव. तेवढा ठेवतो."

वहिनीने ढिगाकडे पाहिलं... आणि ब्लेड उचललं. माल पास झाला. पुढच्या खेपेला लष्कराकडून पुन्हा अस्तर घालायचा हुकूम आला. असं का, हे अण्णाने साहेबांना विचारलंसुद्धा नाही. त्याचा मला अजून राग येतो.

निघालेल्या लोकरीच्या वहिनीने गोधड्या शिवल्या. अण्णाने त्यातली एकही कधी अंगावर घेतली नाही. मुंबईत लागते कुणाला, म्हणून आम्हीही तो विषय सोडून दिला. ह्या शेवटच्या आजारात त्याला हुडहुडी भरली होती, तरी त्याने गोधडी पायाने बाजूला सारली. तेव्हा वसंता इतकी वर्षं सांगत आला होता तेच त्याने पुन्हा सांगितलं. "अण्णा, घ्या हो. मी बर्फ पाहिलाच नाही. मला वाळवंटात ठेवलं होतं."

"तुला नसेल मिळाला तसला कोट," अण्णा म्हणाला. "कुणाला तरी मिळालाच असेल ना."

तेराव्यानंतर वहिनीने ती गोधडी मला दिली. चांगली जाड आहे. अंगावर घ्यावी की घडी घालून ठेवून द्यावी, माझं काही ठरत नाही.