हलिनाअक्काच्या गल्ल्यावरला फोटो

पारावर बसलं की पोरं म्हणत्यात, "अप्पा, पोलंडचं काढा!" मला सही तेवढी येती, लिवून ठिवायचं काम न्हाई. मंग हे किस्से पोटातच साचत्यात, एक वडून काढावं तर मागनं दोन निघत्यात. हासवायला म्हणून सुरू करतो अन् मधीच मलाच घाम फुटतोय.

हिकडं सगळ्यांच्या हातात मोबाईल यायलालते तवाचं सांगायलाव. हुमनाबादच्या ढाब्यावर तंदूरला हुताव. तिथनं एका शेटनं उचललं अन् पोलंडातल्या बारक्या गावात नेऊन ठिवलं. हाटेल शेटचं, इमारत हलिनाअक्काची. साठीची बाई, वर राहायची, खाली गल्ल्यावर बी तीच बसायची. अक्का मीच केली तिला! अन् टेबलं बघायला कलबुर्गीचा खाजाभाई. त्याला तिथली भाषा यायची, कोण काय बोललं ते मला तोच सांगायचा. खरं सांगायचा का मसाला लावून, अल्ला जाने!

*

पयल्याच दिवशी बघितलं, गल्ल्याच्या मागं एका म्हाताऱ्याचा फोटो. लांब दाढी, काळा कोट, काळी टोपी, हातात एक नाणं. म्हणलं, अक्काचा वारलेला बाप असंल. आपल्यात काय करत्यात? कुकू लावलं, प्लास्टिकचा हार घातला, दोन उदबत्त्या खोचल्या अन् पाया पडलाव.

अक्का आली अन् किंचाळलीच!

खाजाभाई पळत आला. "मियाँ, ये क्या करे? इनका बाप नहीं ये, यहूदी है!"

"मंग फोटो कामून लावलाय?"

"बरकत के वास्ते. यहूदी का फोटो लगाए तो गल्ला भरता बोलते."

"आरं, मंग खऱ्या यहूद्यास्नीच भेटून यीऊ की! कुठं राहत्यात?"

खाजाभाईनं अक्काला इचारलं. अक्कानं गल्ल्याचा खण धाडकन लावला. "इथं कुणी न्हाईत." तेवढंच.

हार मेलेल्याला घालत्यात म्हणून खाजाभाईनं तिला सांगितलं. मंग तर भ्यानं तिनं हाराला हातच लावला न्हाई!

*

दर शनवारी अक्का त्यो फोटो उलटा टांगायची. डोकं खाली, कोट वर! मला वाटलं, बाई पिऊन आली. मी सरळ करायचा, तिनं उलटा करायचा. असं तीन डाव झालं. चौथ्या डावाला तिनं झाराच उगारला.

खाजाभाई म्हणला, "शनिचर को उलटा करे तो हफ्ते भर का जमा हुआ पैसा घर में गिरता बोलते इनो."

"म्हंजी मेल्यावर बी म्हाताऱ्याला सुट्टी न्हाई व्हय!"

*

हाटेलच्या चौकटीला उजव्या हाताला, खांद्याएवढ्या उंचीवर, बोटभर तिरकी खाच हुती. वर रंगाचे चार हात बसले तरी दिसायची. खाजाभाईनं सांगितलं, यहूदी लोक तिथं त्यांच्या पोथीतला कागद नळीत घालून ठोकत्यात. घर त्यांचंच हुतं. लढाईत त्यास्नी मारायला नेलं, अन् मोकळ्या घरात अक्काचा बाप राहायला आला.

मी तर जलमाचा खोडकर. "यहूदी आलेत!" एवढं त्यांच्या भाषेत पाठ केलं. एका दुपारी जिन्याखाली हुबारून वरडलाव, "अक्का! यहूदी आलेत!"

म्हणलं, आता शिव्या पडतील. पडल्याच न्हाईत. लई येळानं वर गेलाव तर अक्का पलंगाच्या अन् भिंतीच्या फटीत बसलेली. छातीशी घराची फाईल, व्हट पांढरे! खाजाभाई "मजाक था, मजाक!" करायलाय, पर तिला उठताच येईना.

मला म्हणली, "घर गेलं तर मी कुठं जाऊ? अन् तुमी तरी कुठं जाल?"

तवा कुठं माझं टाळकं चाललं. घर गेलं की हाटेल गेलं, हाटेल गेलं की व्हिसा गेला!

*

त्याच दिवशी भांडी घासताना खाजाभाईला सांगितलं, जे कवा कुणाला सांगितलं नव्हतं. आमचं घर बी आधी दुसऱ्याचं. पोलीस ॲक्शनच्या सालात ती मुसलमान माणसं घर सोडून गेली, बापानं कुलूप तोडलं. आई मरेपातूर दर बेस्तरवारी भिंतीतल्या दिवळीत ऊद जाळायची. "कुणासाठी ग?" म्हणलं की माझ्या तोंडावर हात ठिवायची. दारात टांगा थांबला की चुलीपसून उठून कडी बघायची.

खाजाभाईनं हातातलं ताट इसळून ठिवलं. मंग म्हणला, "दिवली किधर है? अंदर घुसे तो सीधे हात पे?"

माझ्या हातातलं पातेलं पडलं! "तुला कसं ठाऊक?"

त्यो खदाखदा हासला. "अरे मियाँ, सब घरां में उधरीच रहती!"

हासला खरा. पर त्याच्या नानाचं, आईच्या बापाचं, गाव कंचं, ते मी आजपातूर इचारलं न्हाई.

*

अन् मंग एक दिवस खरंच आले!

शनवार हुता. हाटेल मोकळं. एक म्हातारी काठी टेकत आली, संगं नात. दारात थांबली. आत बघितलं बी न्हाई, हात उचलला अन् नीट त्या खाचेवर ठिवला.

अक्का गल्ल्यामागं सरकली. म्हणलं, संपलं. बॅग भरा!

म्हातारी बसली, तिथल्याच भाषेत डाळ-भात मागितला. बारकी असताना ह्याच घरात राहायची म्हणली. खाजाभाई माझ्या कानात सांगायलालता. अक्का डोळं वर करंना. मी डाळ वाढली ती निम्मी टेबलावर.

जेवण झालं. म्हातारी उठली, काठी वाजवत गल्ल्याफुडं यिऊन थांबली. आता मागती घर!

तिनं फोटोकडं बोट केलं. कुकू, हार, डोकं खाली.

"हे कोण?"

अक्कानं गल्ला दोनी हातांनी धरलेला. "माझे... माझे आजोबा!"

म्हातारीनं मान वाकडी करून त्या तोंडाकडं लई येळ बघितलं. मंग अक्काच्या हातावर हात ठिवला अन् हळूच इचारलं,

"मंग आजोबाला उलटं कामून टांगलंय, बाई?"