शिरपूरच्या स्टँडवरचं इंग्रजी

मी शिरपूरच्या शाळेत नववीला इंग्रजी शिकवते आणि मला इंग्रजी बोलायची भीती वाटते. ही गोष्ट मी अकरा वर्षं लपवली. लपवणं अवघड नव्हतं. धडा वाचायचा, मराठीत समजावून सांगायचा, उत्तरं फळ्यावर लिहून द्यायची. मुलं ती वहीत उतरवायची आणि परीक्षेत तीच पुन्हा लिहायची. निकाल चांगला लागायचा. इंझोरीच्या शाळेत मीही अशीच शिकले होते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. त्यामुळे घरच्यांना वाटायचं, आमची पोरगी फाडफाड इंग्रजी बोलत असेल.

वाशीमच्या प्रशिक्षणात ते झाकलेलं उघडं पडलं. प्रशिक्षकांनी मला उभं केलं आणि आज सकाळी तुम्ही काय काय केलं ते इंग्रजीत सांगा म्हणाले. मला सगळं सांगता आलं असतं, कागदावर. उभं राहिल्यावर मी ‘आय... आय...’ एवढंच म्हणत राहिले. चाळीस शिक्षक खाली माना घालून बसले होते. मला लाज वाटू नये म्हणून ते बघत नव्हते, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

प्रशिक्षण संपताना प्रशिक्षकांनी दोन कामं दिली. मुलांनी घरात घडलेलं रोज दोन ओळींत इंग्रजीत लिहायचं. आणि काही मुलांना घेऊन अनोळखी माणसाशी इंग्रजीत बोलायचं, ऐकलेलं लिहून आणायचं. त्या वह्या महिन्याभरात दाखवायच्या होत्या.

पहिल्या कामातच माझी चूक झाली. वर्गात एक मुलगी होती, शेतातल्या घरून पायी यायची. मराठीतसुद्धा फार बोलत नसे. तिनं लिहिलं, ‘माय गोट सिक. आय नॉट स्लीप.’ मी लाल पेनानं दोन्ही ओळी दुरुस्त केल्या. दुसऱ्या दिवशी तिच्या वहीत पुस्तकातल्या दोन ओळी होत्या, एकही चूक नसलेल्या. शेळीचं काय झालं ते मला कळलंच नाही. मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “चुकतं ना मॅडम. कायले लिहू मंग?” त्यानंतर त्या वह्यांवर मी लाल पेन चालवला नाही. हळूहळू ती पुन्हा लिहू लागली.

दुसऱ्या कामासाठी मी शिरपूरचंच जैन मंदिर निवडलं. तिथे बाहेरगावचे यात्रेकरू असतात. थंडीचे दिवस होते. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर सहा मुलींना घेऊन निघाले, त्यात तीही होती. मुलींपेक्षा मीच जास्त घाबरले होते. मनात म्हणत होते, सगळे हिंदी बोलणारे भेटू देत.

पहिली दोन कुटुंबं तशीच भेटली. मुलींनी दोन वाक्यं इंग्रजीत म्हटली, समोरच्यांनी हसून हिंदीत उत्तरं दिली. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात मंदिराच्या बाजूनं एक म्हातारी बाई धावत आल्या. दक्षिणेकडच्या होत्या. मराठी नाही, हिंदी नाही. मी साडीतली, हातात वह्या, म्हणून असेल, त्यांनी सरळ माझं मनगट पकडलं आणि इंग्रजीत भराभर बोलायला लागल्या. त्यांचा नवरा हरवला होता. त्याला काही आठवत नाही, त्याच्याजवळ फोन नाही, त्या बूट ठेवायला वळल्या आणि तेवढ्यात तो दिसेनासा झाला.

मला त्यातला शब्दन् शब्द कळला. पण तोंडातून एकच शब्द निघाला, “यस, यस.”

त्यांचे डोळे मोठे झाले. “व्हेअर? व्हेअर?”

मला वाटतं, मी बाजाराच्या गल्लीकडे पाहिलं असावं. नुसतंच पाहिलं. त्यांना वाटलं, मी दाखवते आहे. मनगट सोडून त्या गल्लीत पळत सुटल्या.

“मॅडम, त्या आजी तिकडं काहून पयाल्या?” एका मुलीनं विचारलं. “तुमी पाह्यलं काय त्या आजोबाले?”

मला नाही म्हणायचं होतं. तेही जमेना. नवरा हरवलेल्या बाईला मी खोट्या दिशेला पाठवलं होतं, फक्त ‘नो’ म्हणता आलं नाही म्हणून.

पहिल्यांदा हलली ती न बोलणारी मुलगी. ती गल्लीत पळाली आणि म्हातारीचा हात धरून तिला परत घेऊन आली. पायरीवर बसवलं. वही उघडली आणि एकाखाली एक लिहिलं, ‘शर्ट? स्टिक?’ चष्म्याचा इंग्रजी शब्द आठवला नाही, म्हणून त्याखाली चित्र काढलं. मग पेन म्हातारीच्या हातात दिला.

म्हातारीनं एकेक उत्तर लिहिलं. पांढरा शर्ट, तपकिरी स्वेटर, काठी नाही, चष्मा आहे. मुलीनं वाचलं आणि मोठ्यानं विचारलं, “ही फरगेट... हाऊस?”

“यस. ही फरगेट्स द हाऊस. ही फरगेट्स मी.”

“माय ग्रँडफादर सेम,” मुलगी म्हणाली.

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं आणि तिचा श्वास जरा हळू झाला. मग माझाही आवाज निघाला. “यू सिट हिअर. वी गो. वी सर्च.” वाक्यं तिसरीतल्या मुलासारखी होती. तिला ती समजली.

दोन मुली तिच्याजवळ बसवल्या, दोघींना मंदिराभोवती पाठवलं, आणि उरलेल्या दोघींना, त्यात त्या न बोलणाऱ्या मुलीलाही, घेऊन मी स्टँडकडे निघाले. वाटेत उघडी विहीर दिसली की वाकून आत पाहायचे. ट्रक गेला की डोळे मिटायचे. शिवाय आता चार मुली माझ्या नजरेआड होत्या. त्यांतली एखादी कुठे गेली तर त्यांच्या घरी काय सांगू?

स्टँडवरच्या फुटाणेवाल्यानं स्वेटरवाल्या बाबांना पाहिलं होतं. “रिसोडच्या गाडीत चढले ना थे. गाडी त गेली.”

वाहतूक नियंत्रकांच्या खिडकीशी जाऊन मी कसंबसं सांगितलं. त्यांनी कंडक्टरला फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. “हाय ना एक बाबा. तिकीट नाही घेत. उतरा म्हटलं त उतरत नाही. इंग्रजीत काईतरी म्हणून राह्यले.”

“त्यांच्या बायकोले मंदिरावरून घेऊन येते,” मी म्हणाले.

“तोवर गाडी थांबते काय मॅडम?” त्यांनी फोन खिडकीतून माझ्या पुढे धरला. “तुमी इंग्रजीच्या ना? मंग तुमीच बोला.”

फोन मी कानाला लावला. मागे मुली उभ्या होत्या. स्टँडवरची माणसं पाहायला लागली होती. अगदी वाशीमसारखंच झालं. पण इथे गप्प राहिले असते तर तो माणूस रिसोडला गेला असता आणि तिथून आणखी कुठे, कोण जाणे.

“सर,” मी म्हणाले. “प्लीज गेट डाऊन. युवर वाइफ इज हिअर. शी इज वेटिंग.”

मग खणखणीत आवाज आला, “हू इज स्पीकिंग?”

“आय अॅम अ टीचर.”

“व्हॉट सब्जेक्ट?”

“इंग्लिश, सर.”

“देन स्पीक अप! आय कान्ट हिअर यू.”

मी ओरडले. स्टँडवर उभी राहून, सगळ्यांसमोर, शब्द सुटे सुटे करून ओरडले. गेट डाऊन. स्लोली. कम बॅक टू युवर वाइफ. मध्येच चुकले, परत म्हटलं. थोड्या वेळानं कंडक्टरचा आवाज आला, “उतरले मॅडम. समोरून जीप येऊन राह्यली, तिच्यात बसवून देतो.”

जीप येईपर्यंतचा अर्धा तास मी त्या मुलीचा हात सोडला नाही. की तिनं माझा, मला नक्की सांगता येणार नाही.

“मॅडम, तुमी भेल्या होत्या ना?” तिनं हळूच विचारलं.

“हो. लय.”

“मी बी.”

बाबा जीपमधून उतरले ते अगदी ऐटीत, जणू पाहुणचाराला आलेत. मंदिरापाशी नेलं तेव्हा बायकोनं त्यांना पाहिलं आणि त्यांच्या भाषेत झापायला सुरुवात केली. ते मान हलवत ऐकत होते. मग ती बाई मुलीच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाली, तेही त्यांच्याच भाषेत. मुलगी “यस, यस” म्हणाली आणि या वेळी त्यानं काही बिघडलं नाही. सहाही मुली मोजून मी घरी सोडल्या आणि मगच बसून पाणी प्यायले.

सोमवारी त्याच मुलीनं त्या दिवसावर पानभर लिहून आणलं. वाचतेस का, म्हटलं, तर ती फळ्याजवळ येऊन उभी राहिली. ‘द ओल्ड मॅन गोएड इन बस’ असं तिनं वाचलं, ‘वेंट’च्या जागी ‘गोएड’, आणि मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. ती थांबली. आता ही परत गप्प होते, असं वाटलं. तिनं तेच वाक्य पुन्हा वाचलं, त्याच चुकीसकट, आणि पुढे गेली. मी पेन उचलला नाही. पान संपेपर्यंत वर्गात कुणी हसलं नाही.